तिसरं टिंब बारीक होतं

पवनी, जि. भंडारा
दि. १९ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय मित्र भैय्यालाल यास,

घनश्यामचा रामराम.

रत्नावहिनींचा गुडघा कसा आहे? मोहाचं तेल चोळतात की बाटली फळीवर ठेवून नुसती पाहतात? भूषणची ॲसिडिटी थांबली का? त्याला सांग, पहाटे उपाशीपोटी चहा ढोसणं बंद कर. स्वाती सूनबाईला धान चुरताना धुळीचा खोकला झाला होता, तो गेला असेल. रीनाचा पुढचा दात पडला होता, नवा आला का? तुझी गोरी गाय व्याली की अजून नाही? सगळ्यांचं विचारून झालं आणि तुझं राहिलं, असं समजू नको. तुझं विचारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून शेवटी ठेवलं.

इकडे आम्ही बरे आहोत. आमच्या हिची, तुझ्या कुसुमताईची, साखर वर-खाली होत असते. संक्रांतीला तिळाचा लाडू चोरून खाल्ला आणि माझ्यावर आळ घेतला. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. माग बंद करून आता सात वर्षं झाली, तरी सकाळी पाय आपोआप पावडीवर ठेवल्यासारखे हलतात. ही म्हणते, माणूस म्हातारा झाला, पाय अजून कामावर जाते.

भूषण परवा तुझी चाकूंची पेटी देऊन गेला. पोचली, एवढंच त्याला फोनवर सांगितलं. पेटीला तू सुतळी बांधली होती, ती तशीच आहे. मी सोडलेली नाही. वर तुझी चिठ्ठी होती: "घनश्याम, हे तू सांभाळ. माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. बाबांचा चाकूही यातच आहे. चंद्रकोर मला स्वप्नात पडली असेल." अक्षर तुझंच, सरळ, बी पेरल्यासारखं. डोकं गेलेल्या माणसाचं अक्षर असं नसते रे.

तुला आठवते, आपली ओळख कशी झाली? तुला आठवते, हे मला पक्कं माहीत आहे, तरी लिहितो. लाखांदूरच्या बसमध्ये तू पेरू कापायला घडीचा चाकू काढला. पितळी कड्यांचा, सागाच्या मुठीचा. मी माझा काढला, तर तोही तसाच! दोघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं की कंडक्टर म्हणाला, "भांडण करायचं असन तर खाली उतरा." त्याला काय माहीत, आपण लग्नाच्या सोयरिकीसारखे पाती पाहून राहिलो होतो. त्याला आता एकतीस वर्षं होतील. मग कोंढ्याचा सुखराम मिळाला, आणि बाजाराच्या दिवशी ललिताबाईच्या चहाच्या टपरीमागचं बाकडं आपलं झालं. रत्नावहिनी म्हणायच्या, "घरात कांदा चिरायले एक धारेचा चक्कू नाही, अन् पेटीत चाळीस झोपून आहेत."

आपला एकच नियम होता. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण लागते. दुपट्टा पसरायचा, त्यावर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. आणि त्या निमित्तानं सगळ्यांनी पाहायचा. मी मागवाला, म्हणून हिशेबाच्या नाही, चित्राच्या वहीवर जीव. प्रत्येक चाकूच्या लोहाराच्या खुणेवर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची आणि छाप उमटवून वहीत डकवायची. सुखराम मला "ठसे घेणारा पोलीस" म्हणायचा.

बघ, मघापासून मी इकडचं तिकडचं करून राहिलो. कुसुमताई आत्ताच दारातून डोकावून गेली. "आले का त्या गोष्टीवर?" म्हणाली. नाही म्हटलं. तिनं चहा ठेवला नाही. लिहिल्याशिवाय मिळणार नाही.

तर ऐक.

पोळ्याच्या आधी तू मला बाबांचा चाकू दिला होता. खीळ ढिली झाली होती, पातं उघडं असताना हलायचं. शिंगाची मूठ, सानगडीच्या लोहारानं ऊस सोलायला करून दिलेला. पात्याच्या बुडाशी चंद्रकोर आणि खाली तीन टिंबं. तुझ्या बाबांनी तीन लेकरांची तीन मारून घेतली होती: तू, कौशल्याबाई आणि धाकटी रुखमिणी. लोहार म्हणाला होता, लेकरू लहान, टिंबही लहान. म्हणून तिसरं बारीक. वर्षाच्या आत रुखमिणी गेली. तिचा फोटो नाही, टाक नाही, कुठं नाव नाही. ही गोष्ट तू मला शंभर वेळा सांगितली असेल आणि शंभर वेळा एकसारखी सांगितली.

मी खीळ घट्ट केली. काम चांगलं झालं, टक्क आवाज यायला लागला. तिथंच थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण पिंटूनं, माझ्या पुतण्यानं, मला विजेवर फिरणारं पॉलिशचं चाक आणून दिलं होतं. पात्याच्या बुडाशी गंजाचे ठिपके होते. मला वाटलं, आरसा करून देऊ. भैय्यालाल पाहील आणि म्हणेल, वा रे घनश्याम! त्या एका "वा रे"साठी. तुला माहीत आहे, आपण तिघंही नेहमी म्हणतो, जुना चाकू घासू नये, त्याचं वय जाते. हे शहाणपण दुसऱ्याला शिकवायला मीच पुढे असायचो.

एक मिनिटही लागलं नसेल. चाकानं पातं आपल्याकडे ओढून घेतलं. मी पुसून पाहिलं तर कोर गेली होती आणि टिंबंही गेली होती. मागावर धागा तुटला तर गाठ मारता येते. लोखंडातून गेलेलं कुठं बांधायचं?

मी तुला त्याच दिवशी सांगायचं होतं. तू दोन शिव्या दिल्या असत्या, पंधरा दिवस बोलला नसता आणि सोळाव्या दिवशी आला असता. मला तुझा स्वभाव माहीत होता, तरी नाही सांगितलं. उलट पातं चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवलं, रंग जुन्यासारखा काळपट व्हावा म्हणून. तो वाडगा कुसुमताईनं पाहिला. "सांबार करून राहिले का?" तिनं विचारलं. मी हसलो. खोटी खूण ठोकून पाहायचंही मनात आलं. पत्र्याच्या तुकड्यावर एक ठोकली. ती चंद्रकोर नाही, कापलेलं नख वाटत होतं. ते तेवढं केलं नाही, पण केलं नाही म्हणून मी मोठा होत नाही.

बाजाराच्या दिवशी चाकू परत दिला तेव्हा मी दुपट्टा पसरला नाही. पसरला असता तर सुखरामनं उचलून पाहिला असता. मी तो सरळ तुझ्या हातात कोंबला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तू म्हणाला, "अबे, हातात काहून देतो?" मी म्हटलं, "बस निघते माझी." माझी कोणती बस, मी तर पवनीचाच!

तुझंही मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं, बारीक दिसत नव्हतं. तू टक्क आवाज ऐकला, खूश झाला आणि चाकू तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

मग दिवाळीनंतर तुमच्या सानगडीची मंडईची जत्रा. सुखरामनं नागपूरचे ते भिंगवाले पाहुणे आणले, दीडशे चाकूंचे धनी. रात्रीच्या दंडारीच्या खेळाआधी तुझ्या अंगणात दुपट्टा पसरला होता. तू केवढ्या अभिमानानं चाकू ठेवला. "पाहा साहेब, चंद्रकोर अन् तीन टिंबं. तिसरं बारीक आहे."

त्यांनी भिंग लावलं, उलटं केलं, सुलटं केलं. "इथं काहीच नाही हो. घासला होता का कधी?"

तू माझ्याकडे पाहिलं. "घासला का गा घनश्याम?"

"नाही बा. खीळ आवळली अन् तेल देल्लं, बस."

"पण तू तर पाह्यलं होतं ना? तुह्या वहीत छाप असन ना?"

मी म्हटलं, "मले नाही आठवत गा."

सुखराम म्हणाला, "म्हाताऱ्या, तुहा चंद्र अमावस्येले निंघाला वाटते!" सगळे हसले. सुखरामला माहीत नव्हतं, खुणा निरखायचा नाद माझा, त्याचा नाही; त्याच्यावर राग धरू नको. पण मीही हसलो. मला माहीत होतं, आणि मी हसलो. तू भिंग मागून घेतलं आणि किती तरी वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग मले कायचं आठवते?"

भैय्या, तो तुझा आवाज माझ्या कानातून जात नाही.

त्यानंतर तू बाजाराला येणं सोडलं. डिसेंबरात मी तुझ्याकडे आलो होतो ते सांगायलाच आलो होतो. पाहिलं तर तुझ्या सदऱ्याच्या खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. "मोटर बंद केली." "औषध घेतले, सकाळचे." भूषणनं मोटारसायकलची चाबी काढून घेतली होती, धानाच्या बांधीवर एकटं जाऊ देत नव्हता. नागपूरच्या डॉक्टरनं वयाचं म्हणून गोळ्या दिल्या होत्या. रीना खेळता खेळता आली आणि म्हणाली, "आबाजी, आज कोणता वार?" तुला वार माहीत होता. पण तू सांगायच्या आधी कॅलेंडरकडे पाहिलं. पोरीला खेळ वाटला, मला माझं पाप दिसलं. आणि मी काय केलं? रत्नावहिनींच्या हातची वांग्याची भाजी दोनदा मागून खाल्ली आणि बसनं परत आलो. म्हणून आता पत्र लिहितो. तोंडानं होत नाही, हे मी एकदा पाहून घेतलं आहे. फोनवरही नाही, भूषण फोन मोठ्यानं लावून ठेवतो.

परवा पेटी ठेवता ठेवता भूषण म्हणाला, "काका, बाबा आता म्हणून राहिले, खूणच नव्हती तर टिंब कुठलं, अन् टिंब नव्हतं तर रुखमिणी आत्या तरी होती का? कौशल्या आत्याले विचारलं, ती म्हणते मी लहान होती, मले नाही आठवत."

तो गेल्यावर कुसुमताई माझ्यासमोर बसली. म्हणाली, "त्या माणसानं आपली बहीण खोडून टाकली, अन् तुमी अजून गप्प?"

भैय्यालाल, रुखमिणी होती. टिंब होतं. तुझ्या डोक्यात काहीही झालेलं नाही. गडबड झाली ती माझ्या हातून, आणि ती झाकायला मी तुझं डोकं वापरलं.

या पाकिटात घडी केलेला एक पातळ कागद आहे. नीट उघड, फाटेल. हा तुझ्या बाबांच्या चाकूचा छाप आहे, खाली माझ्या हातची तारीख आहे, २००३ सालची. चाकू बिघडला त्या दिवशी मी वहीतून हे पान फाडलं. जाळायला चुलीपर्यंत नेलं, हात पुढे झाला नाही. मागाच्या जुन्या धोट्याच्या पोकळीत कोंबून ठेवलं होतं, म्हणून घडीवर तेलाचा डाग आहे. उजेडाकडे धर. चंद्रकोर बघ. टिंबं मोज. तिसरं बारीक आहे, तू म्हणतो तसंच.

हे पत्र आधी तू एकट्यानं वाच. मग भूषणच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लाव. मला वाचवायला एक शब्दही गाळू नको. डॉक्टरलाही हे सांगा. गोळ्या बंद करायच्या की नाही, ते त्यांनी ठरवावं. पण मोटारसायकलची चाबी भूषणनं तुला परत द्यावी, असं घनश्यामकाकानं हात जोडून लिहिलं आहे म्हणावं. नागपूरच्या पाहुण्यांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. सुखरामला काल ललिताबाईच्या टपरीवर सांगितलं. त्यानं, सुखरामनं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून बसस्टँडकडे गेला. ललिताबाई म्हणाली, "भांडले का?" मी म्हटलं, नाही, अजून नाही.

पॉलिशचं चाक पिंटूला परत केलं. पेटी मी ठेवणार नाही, ती माझ्या घरात शोभत नाही. तीस तारखेला, गुरुवारी, सकाळच्या बसनं घेऊन येतो. तुझ्या ओसरीवर दुपट्टा पसरून त्यावर ठेवीन, आणि खाली अंगणात उभा राहीन. तू उचलली तर वर येईन. नाही उचलली तर तिथूनच परतेन, बसस्टँड मला माहीत आहे. जेवायचा आग्रह वहिनींनी करू नये.

तोवर जमलं तर दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील, पण तुझ्या हातच्या, त्याच सरळ अक्षरात. रुखमिणी कशी दिसायची, तेवढं त्यात लिही. ते मी तुला कधी विचारलंच नाही. पत्राची वाट पाहतो. लवकर लिही.

तुझा (म्हणू देशील तर)
घनश्याम