राबियाचा खालचा दात

प्रिय राबिया,

पत्र बघून दचकू नकोस. रोज फोनवर तासभर बडबडणारी मी पत्र लिहायला बसले म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही, असं तू साऱ्या सोनाळा गावाला सांगशील. खरंच नाही. दोन महिने झाले, तुझ्या खालच्या पुढच्या दातानं मला पार चक्रावून टाकलंय.

तुझ्या दातांच्या तारा मीच आवळते, आणि प्रबंधासाठी तुझ्या दातांचा साचा घेऊन कॉम्प्युटरवर तुझा जबडाही मीच उभा केला. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, तारेची ओढ द्यायची, आणि कुठल्या मुळावर किती ताण येतो ते रंगांत बघायचं. निळं म्हणजे सुखरूप, लाल म्हणजे धोका. तुझा दात निळाशार दिसतो. आणि तुझ्या तोंडात तोच दात माझ्या बोटानं नको तितका हलतो! मी ओढ पुन्हा मोजली, तुकडे आणखी बारीक केले, एकदा तर वैतागून सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. तरी निळाच. आमचे सर म्हणाले, दात खोटं बोलत नाही, तूच काहीतरी चुकीचं भरलंयस. मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, दात राहील ना? मी ठणकावून सांगितलं, राहील, कॉम्प्युटरच सांगतो. तू म्हणालीस, 'मंग तू काऊन भेऊन राह्यली व?' आणि खदखदून हसलीस. तारा लागल्यापासून तू तोंडावर ओढणी न धरता हसतेस. ते बघून मी विषयच बदलला.

परवा आई आली होती. सकाळी दारात बसून तिनं डबी उघडली, मिस्री बोटावर घेतली नि दातांवर फिरवू लागली. मी म्हटलं, आई, ती तंबाखू सोड आता. तर म्हणते कशी, 'तंबाखू कोन खाते व? मी तं दात घासून राह्यली.' मी हसले, आणि हसता हसताच उठून तुझा फॉर्म शोधायला लागले.

तारा लावण्याआधीचा तो तपासणीचा फॉर्म मीच भरला होता, राबिया. तंबाखूच्या रकान्यात तुला न विचारता 'नाही' लिहिलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत आईच्या डबीतली मिस्री तुझ्या बोटावर पहिल्यांदा ठेवली तीही मीच. होस्टेलला आल्यावर मी सोडली, तू अजून लावतेस, हे मला ठाऊक होतं. पण फॉर्म भरताना ती तंबाखूत धरायची, हे डॉक्टर होत आलेल्या मला सुचलंच नाही. त्या 'नाही'च्या भरवशावर मी जबड्यात पुस्तकातलं धडधाकट हाड भरलं. काल तंबाखूनं झिजतं तसं ते हाड कॉम्प्युटरवर थोडं झिजवून पाहिलं, तर मूळ लालभडक झालं. तुझं हाड खरंच किती उरलंय, मला माहीत नाही. दात वाचेल का, तेही नाही. फोनवर तू हसली असतीस आणि मी पुन्हा 'राहील' म्हटलं असतं, म्हणून लिहितेय. गुरुवारी ये. तार काढू, नवा एक्स-रे काढू. मिस्री आजपासून बंद. आणि माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चीड. फॉर्मखाली सही तुझी आहे, पण ते 'नाही' माझं आहे.

तुझीच, आणि तुझी गुन्हेगारही,
अन्नपूर्णा