वॅक्स वाळेपर्यंत

प्रिय भिंगरी,

पोचलो आम्ही. प्रवासभर तुझे बाबा जावयाच्या गाडीचं कौतुक करत होते. काय ती चमक, काय तो उत्साह! शेवटी मी म्हटलं, "एवढी आवडली असेल तर दत्तक घ्या तिला," तेव्हा कुठे तोंड मिटलं. माझं मात्र अजून मिटलेलं नाही.

तुमच्याकडच्या मुक्कामात मी गाडी धुण्याचं पूर्ण शिक्षण घेतलं. उन्हात धुवायची नाही, पाण्याचे डाग पडतात. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळून घ्यायची. भांड्यांचा साबण चालत नाही, रंगाची कांती जाते. चाकांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की बाद, कारण त्यात अडकलेला एक कणसुद्धा ओरखडा काढतो. तुझ्या बोटातली अंगठीही त्याने काढायला लावली. आणि हे सगळं जावईबापू किती गोड आवाजात सांगतात! "हळू. दाबायचं नाही. नुसता हात फिरवायचा. तिला कळतासुद्धा कामा नये." गच्च मिटलेल्या ओठांनी तू मान डोलावत होतीस. दोन मिनिटं एका जागी बसत नाही म्हणून जिचं नाव आम्ही भिंगरी ठेवलं, ती तू, पाण्याची नळी धरून हुकमाची वाट बघत उभी होतीस.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी बाकांना मेण लावावं लागे. मदर सुपीरियर बाकावर बोट फिरवून बघायच्या आणि बोट अडखळलं तर पुन्हा लावायला सांगायच्या. महाकडक बाई. पण सुजलेल्या हाताच्या मुलीला त्यांनी कधी फडकं दिलं नाही. तू मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून बॉनेट पुसत होतीस. आठवडाभर लोकांचे दात लखलखीत करून देणारी दाताची डॉक्टर! मी विचारलं तर म्हणालीस, "क्लिनिकमधली खुर्ची लागली गं." बाबांना सांगितलंस, "जिन्यात घसरले." अगं, खोटं बोलायचं तर निदान एकच ठरवून बोलावं. तेवढीही उसंत तुला मिळाली नसावी.

पॉलिश झाल्यावर त्याने टॉर्च आणला. गाडीच्या दाराशी उकिडवा बसून, डोळा बारीक करून, बोटाने मला दाखवलं, "हे बघा आई, गोल गोल रेघा दिसतात ना? हिचा हात जड आहे." तू हसलीस. ते हसू मी ओळखते, चुकलेल्या गणिताला बाईंसमोर हसायचीस तसलं. ते अख्खं दार त्याने तुला पुन्हा करायला लावलं. मी म्हटलं, मी करते. तर, "छे छे आई, तुम्ही आरामात बसा. हिला शिकू दे." आणि तुझ्या बाबांनी लगबगीने माझ्यासाठी खुर्ची आणली. वर म्हणाले, "किती नीटनेटका मुलगा, नाही?"

अंगाची लाही होत होती आणि तू पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होतास. बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या तरी वर केल्या नाहीस. स्वयंपाकघरात मी तुझी बाही वर ओढली, ते तुला आवडलं नाही. मला तरी कुठे आवडलं? दंडावर चार बोटं आणि अंगठा. जुनी पिवळी, त्यांवर नवी निळी. आणि तू काय म्हणालीस? "आई, रागात असला की त्याला कळत नाही."

कळत नाही? फडक्यातला कण ज्याला कळतो, रंगावर किती जोर द्यायचा हे ज्याला बोटाबोटाने कळतं, त्याला कळत नाही? भिंगरी, त्याला सगळं कळतं. कशाने वळ उठतो, किती दाबलं तर तो राहतो आणि कपड्याखाली कुठे झाकला जातो, हे त्या माणसाला नेमकं कळतं. त्याचं रागावर नियंत्रण नसतं तर गाडीवर एखादा तरी पोचा दिसला असता.

तिथेच त्याला फाडून खायचं होतं मला. तू हात जोडलेस म्हणून गप्प राहिले. आम्ही निघून गेल्यावर माझ्या एकेका शब्दाची भरपाई तुझ्याकडून झाली असती. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बूटसुद्धा न काढता बसून राहिले. मग उठले आणि वरच्या खोलीतली त्यांची खोकी एकेक करून खाली आणायला लागले. "खिडकीपाशी पलंग टाकू, तिला उजेड लागतो," एवढंच बोलले. त्यांना मारलेला एक टोमणा मी मागे घेतला आहे. बाकीचे ठेवलेत.

काल फोनवर तू "मी मजेत आहे" म्हणालीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलाय मी. स्पीकर लावला की आवाज पोकळ होतो आणि तिसऱ्याचा श्वासही ऐकू येतो. तो शेजारी होता. म्हणून हे पत्र तुझ्या क्लिनिकच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाच आणि फाडून टाक, पण आधी पुढचं पाठ कर. त्या दिवशी गॅसवर दूध जळून धूर झाला, मी गॅलरीतून "आग, आग" म्हणून ओरडले. तू धावलीस, बाबा धावले. जावईबापूंनी मानही वर केली नाही. "वॅक्स लावलंय आई, आता सोडलं तर कडक होईल." तर येत्या रविवारी गाडीभर वॅक्स लागलं की पाणी प्यायला म्हणून वर जा. डिग्रीची कागदपत्रं आणि चष्मा घे, बाकी सगळं त्याला लखलाभ. मागच्या जिन्याने उतर. मागच्या गल्लीत टॅक्सी असेल, पुढे बाबा, मागे मी. तुझा धीर झाला नाही तर रागावणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी येऊ, आणि त्याच्याही पुढच्या. गाडी धुण्याचा एकही रविवार तो चुकवत नाही, एवढा एकच गुण त्या माणसात मला सापडला आहे.

टॅक्सीचं दार उघडं धरून बसलेली,
तुझीच
आई