मुलाच्या फ्लॉपीतला व्हायरस

अंबरनाथ, १९ ऑगस्ट १९९५

आदरणीय भगवानदादा यांस धाकट्या शंकरचा सविनय जयभीम.

दिवाळीनंतर एक ओळही लिहिली नाही, क्षमा असावी. (कामाचा व्याप होता असे लिहिणार होतो, पण व्याप नव्हता.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्वांची प्रकृती उत्तम. मुद्दा नेमका प्रकृतीचाच आहे.

कॅम्प चारच्या सिंधी बाजारातून जुना कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "साईं, व्हायरस का टीका अलग से लगवाओ. अंदरवाला चौकीदार सोता है." मला वाटले, कॉम्प्युटर घरातच राहणार, कुणात मिसळत नाही, मग बाहेरची लस कशाला? शिवाय कॉम्प्युटरसोबतच आलेल्या आतल्या चौकीदारावर अविश्वास दाखवणे बरे नव्हे. (हा विचार न्यायबुद्धीचा की कंजूषपणाचा, हे अजून तपासतो आहे.)

मग तुमच्या राहीसाठी बुवापाड्याच्या गोजरबाईंच्या मुलाचे स्थळ आले. मुलगा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो, म्हणून बायोडेटाही फ्लॉपीवर. तो पडद्यावर आणला तर अक्षरे एकेक करून खाली गळू लागली. आधी उंची पडली, मग शिक्षण, मग नोकरी. वर टिकले ते फक्त 'अपेक्षा : काही नाही'. मी आमच्या भागीरथीला ओरडून सांगितले, "अगं, मुलाला व्हायरस आहे!" ('मुलाच्या फ्लॉपीला' म्हणायचे होते, घाईत फ्लॉपीही गळाली.) समोर गयाआत्या चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत सगळा बुवापाडा फिरून आली.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई मुलाला आणि त्याच्या रक्ताच्या रिपोर्टला घेऊन दारात हजर. "कॉलेज शिकलाय ना तुम्ही? मग वाचा! कुठंय व्हायरस, दाखवा!" मी म्हणालो, रक्तात नाही हो, फ्लॉपीत आहे. त्यावर आत्या म्हणाली, "बघा, नेमकी जागापण सांगितली त्यानं." मुलगा बिचारा लाजून भिंतीकडे बघत राहिला.

दादा, स्थळ चांगले आहे. राहीला मुलगा पसंत आहे, तसे ती सुट्टीत इकडे आली होती तेव्हा भागीरथीकाकूजवळ बोलली. माझ्या एका शब्दापायी ते मोडले तर मी तिला तोंड कसे दाखवू?

तुमचा,
शंकर

ता.क. गोजरबाई अजून राजी आहेत, पण म्हणतात, आम्ही रिपोर्ट दाखवला, आता मुलीकडच्यांनीही दाखवावा. मला ते रास्त वाटल्याने मी होकार दिला. तरी राहीच्या रक्ताचा रिपोर्ट उलट टपाली पाठवावा. वहिनींना कसे सांगायचे ते तुम्ही पाहा.

ता.क. २ : पाकीट चिकटवण्याआधी बाहेरची लस आणून कॉम्प्युटरला दिली. मुलाची फ्लॉपी निर्दोष निघाली. व्हायरस आहे तो तुम्ही ऑफिसातून राहीचा बायोडेटा पाठवलात त्या फ्लॉपीत; ती मी आधी लावली होती, तिच्यातूनच तो कॉम्प्युटरात शिरला. हे गोजरबाईंना सांगणे माझे कर्तव्यच आहे.

उद्याचे काम : गोजरबाईंना सांगणे, या खेपेस पूर्ण वाक्यात.