मी लिहिलेली मच्छिंद्रची पत्रं

काष्टी, ६ डिसेंबर १९७२

ही वही मला मनकर्णाबाईंनी लिहायला लावली. मी त्यांची पत्रं वाचायला आणि लिहायला आले आहे. पाय धुवायच्या आतच त्यांनी बजावलं, "बाई, काय लिवलं ते तुमी इसराल, माझा मच्छिंद्र न्हाई इसरायचा." तेव्हा नोंद ठेवणं आलं.

दौंडहून एस.टी.नं आले. पुण्यात बत्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन भाचीच्या घरात अडगळ होण्यापेक्षा हे काम बरं. खोली मोठी आहे, चुना नुकताच दिलेला. खिडकीतून विहीर दिसते. दुष्काळानं ती तळापर्यंत कोरडी पडली आहे. पाणी बैलगाडीवरच्या पिपातून येतं, माणशी एक कळशी. भाकरी उत्तम, ठेचा जहाल. एकूण मजेत आहे.

घरात मनकर्णाबाई आणि थोरला मुलगा सहादेव. धाकटा मच्छिंद्र अमेरिकेत शेतकी कॉलेजात शिकतो. गावात मास्तर असताना बाहेरची बाई कशाला, असं विचारलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, मास्तरानं वाचलं की आठवडी बाजारात शेळ्यासुदिक इचारत्यात, मच्छिंद्रनं सदरा घेतला का म्हनून.

१० डिसेंबर

पहिलं पत्र वाचून दाखवलं. नोव्हेंबरच्या शेवटी टाकलेलं. मुलाचं अक्षर चांगलं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मात्र वाऱ्यावर. लिहितो की तिथलं तळं गोठलं आहे, मुलं त्यावरून चालत कॉलेजात जातात, वाट अर्ध्यानं कमी होते. मनकर्णाबाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. पाण्यावरून चालायचं म्हंजी लई मोठं कालेज असनार, म्हणाल्या. उत्तर लिहिलं: विहीर आटली, ऊस गेला, तू काळजी करू नकोस, अंगभर पांघरून झोपत जा.

१६ डिसेंबर

इंग्रजी पत्र आलं, कॉलेजचं. मी गोठ्यात उभ्यानं सहादेवला मराठीत वाचून दाखवलं. दोन डिसेंबरला तळ्यावरून जाताना बर्फ फुटला. मच्छिंद्र खाली गेला. प्रेत सापडलं नाही. वसंतात बर्फ वितळेल तेव्हा पाहू, असं लिहिलं आहे.

सहादेवनं माझे पाय धरले. आईचं काळीज अधू आहे, बर्फ इतळू द्या, हाती काय लागलं की सांगू, म्हणाला. इकडची रीत अशी की मरणाचं पत्र वाचलं की जागच्या जागी फाडायचं, घरात न्यायचं नाही, आणि डोक्यावरून अंघोळ करायची. पण या दुष्काळात कुणी डोक्यावरून कळशी ओतली, तर कोण गेलं म्हणून सारी आळी विचारेल. म्हणून त्यानं अंघोळ केली नाही. मीही नाही. आणि पत्र फाडायला तो निघाला तेव्हा मी दटावलं, की कागदपत्र फाडणं हा गाढवपणा आहे. ते माझ्या ट्रंकेत आहे.

२३ डिसेंबर

आज जुनाच कागद हातात धरून खोटं पत्र वाचलं. मच्छिंद्र खुशाल आहे. त्यानं करडा कोट घेतला. घरमालकीण म्हातारी आहे, रोज गरम सूप देते. मनकर्णाबाई म्हणाल्या, त्या म्हातारीला माझा रामराम लिवा. लिहिला. वर्गात कधी खोटं बोलले नाही मी.

३० डिसेंबर

पोस्टमन छगननं पत्र आणून दिलं. ओलं. म्हणाला, "बाई, तिकडं लई पानी दिसतंय, थोडं इकडं धाडाया सांगा की."

मच्छिंद्रचं अक्षर आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही त्याच्याच. करडा कोट मिळाला पण ऊब येत नाही, म्हातारीचं सूप घशाखाली उतरत नाही, असं लिहिलं आहे.

शिक्का वीस डिसेंबरचा. कोट आणि सूप मी तेवीसला रचलं. तोवर माझ्या मनातही नव्हतं. सहादेवला सही करतानाही घाम फुटतो. त्याचं हे काम नाही.

कागद दुपारभर उन्हात ठेवला. वाळला नाही.

२ जानेवारी १९७३

पत्र आल्याचं मनकर्णाबाईंना छगनकडून कळलं. पत्र वाचावं लागलं. शेवटच्या ओळी मी गाळल्या. त्या अशा:

बाई, घरात कुणी अंघोळ केली नाही. पत्र कुणी फाडलं नाही. मग मी मेलो कसा? मी घरी येतो.

मला बाई म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं?

५ जानेवारी

विहिरीला पाणी आलं. भर दुपारी. वरच्या चार पायऱ्या सोडून सगळी भरली. बायका घागरी घेऊन धावल्या, मनकर्णाबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला. पाणी इतकं गार की हात बधिर झाले. सहादेव पायऱ्या उतरून गेला आणि लगेच वर आला. ओठ निळे. पान्यावर काचंवानी झाकन धरलंय, एवढंच म्हणाला. मग म्हणाला, खालून कुनीतरी ठोकतंय.

घागरी घेऊन आलेल्या बायका रिकाम्या परतल्या.

६ जानेवारी

पत्र फाडायला ट्रंक उघडली. कपडे चिंब. पत्र तेवढं कोरडं — फाटत नाही. दोन्ही हातांनी ओढलं. सहादेवनंही ओढलं. कात्री चालेना. आता उशीर झाला असावा.

अंघोळ करू म्हटलं — तर घरात पाणी त्याच विहिरीचं.

७ जानेवारी

विहिरीपासून ओट्यापर्यंत ओली पावलं. फक्त येणारी. मनकर्णाबाईंनी ती पाहिली. चूल पेटवून बसल्या आहेत.

ठोकणं आता विहिरीतून नाही. माझ्या भिंतीतून —

८ जानेवारी, दुपार

मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. इंग्रजी पत्र शब्द न् शब्द मराठीत वाचलं. त्या रडल्या नाहीत. दोनच गोष्टी विचारल्या. अंघोळ कुनी केली का? नाही. ह्ये फाडलं का? नाही, फाटत नाही. म्हणाल्या, "मग ज्याचं सुतक न्हाई, त्यो मेला न्हाई. द्या हिकडं. माझ्या हातून तर कंदीच फाटायचं न्हाई."

मी म्हटलं, मनकर्णाबाई, जो येतोय तो मच्छिंद्र नसेल. म्हणाल्या, नऊ महिने पोटात हुता तवा तरी कुठं बघितला हुता मी त्याला.

सहादेव दाराला पाठ लावून उभा होता. आईनं त्याला बाजूला केलं. कडी काढली.

पाणी आत आलं. बर्फाचे तुकडे —

नोंद पुरी करते. हात चालतो आहे तोवर.

दिलं: कॉलेजचं पत्र, एक पान, न फाडलेलं.
देणार: मी.
घेणार: मनकर्णाबाई. पदराच्या गाठीत बांधलं.
वेळ: तीन वाजून दहा.
साक्षीदार: पहिला, सहादेव. दुसरा, उंबऱ्यावर उभा आहे, आईनं त्याचा हात धरला आहे, तो माझ्याकडे पाहून म्हणतो की बाई, माझंही नाव लि—