मोटर बंद होती, नाना

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. मी दहाव्यालाही आले नाही आणि आज पत्र लिहायला बसलेय, तेही कामाचंच. मंगळवारी एक जुनी नोंद पुन्हा उघडली. त्या दिवशी तुमची मोटर बंद होती. तुम्ही खरं बोलत होता.

धरणगावच्या बाजूला, तुमच्या शेताच्या कोपऱ्यात आम्ही खड्डा करून भूकंपमापक बसवला, तेव्हा गाव हसलं होतं. इथे कुठे भूकंप होतो? तुम्ही मात्र बांधावर बसून सरळ विचारलंत, "येवढं खोल मजार काय शे, तुम्हले कसं समजस?"

मी म्हटलं, माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसंच. दूर कुठे भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून जातात. त्या कुठे वाकल्या, कुठून उलटल्या, किती वेळ लागला, यावरून आत काय आहे ते कळतं.

"मंग टिचकी देव मारस," असं म्हणून तुम्ही चहा मागवलात.

आमची विनंती एकच होती: सांगू त्या आठवड्यात दुपारी विहिरीवरची मोटर लावायची नाही. ती सुरू होताना बसणाऱ्या धक्क्यानेही आमची रेघ हलते.

त्याच आठवड्यात इंडोनेशियाकडे मोठा भूकंप झाला. पहिली लाट स्वच्छ उमटली. नऊ-दहा मिनिटांनी रेघ पुन्हा जराशी थरथरली. मी आले, चौकशी केली, तर त्या थरथरीच्या वेळी लाइट होती. "नाना, मोटर लावलीत ना?"

"बंद व्हती, ताई. मी खोटं काबर बोलसू?"

निंदायला आलेल्या बायकांसमोर मी हसले. मी शिंदखेड्याची, शेतकऱ्याचीच मुलगी. पावसाने ओढ दिलेली, कपाशी माना टाकतेय, लाइट आहे, आणि मोटर बंद? कोणाला सांगताय! पुण्याचा कोणी असता तर त्याने तुमचं ऐकलं असतं. मलाच इथलं फार कळत होतं. नोंदीवर फुली मारून मी बाजूला लिहिलं, 'मोटर'.

तुम्ही भांडला का नाहीत, नाना? त्यानंतर मोटर बंद केलीत की शेजारच्या आबांना सोबत घेऊन यायचात. "आबा, सांगा ताईले." एवढ्या वयाचा माणूस साक्षीदार घेऊन फिरायचा आणि मला त्याची गंमत वाटायची. आज लाज वाटते.

ती थरथर काय होती, सांगू? पृथ्वीच्या अगदी मधोमध लोखंडाचा घट्ट गोळा आहे. त्याच्यावर आपटून वर आलेली ती लाट होती. इतकी हलकी असते की सहसा हाती लागत नाही. परवा इतर केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि वेळ बरोबर जुळली. तुम्ही कपाशी सुकू दिलीत, पण मोटर लावली नाहीत, म्हणून ती आम्हाला मिळाली.

आता त्यावर लेख लिहितेय. सोबतचे विचारतात, वेळ योगायोगानेही जुळू शकते; ती मोटर नव्हती कशावरून?

नाना, वचन देते. आधी गावात येईन. नानींसमोर, आबांसमोर, निंदणीच्या त्या बायकांना बोलावून, मी चुकले म्हणेन. आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरा कुठलाच पुरावा नाही, म्हणून लेखात एवढंच लिहीन: मोटर बंद होती, शेताच्या मालकांनी तसं सांगितलं होतं.

तुमची,
मशीनवाली ताई