ताईचा सत्कार

प्रभादेवी, मुंबई
१९ एप्रिल १९६०

चि. मनमोहन यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि क्लबातर्फे एक मेला होणाऱ्या सत्काराची पत्रिका मिळाली. इकडे सगळे ठीक. बाळीचे दात येताहेत, त्यामुळे घरभर किरकिर. सासूबाईंचे गुडघे नेहमीसारखेच, पण पत्रिका वाचल्यापासून त्या जिना चढून शेजारणींना दाखवून आल्या.

दाखवतील नाही तर काय! 'संयुक्त महाराष्ट्रासाठी जिंकत आलेला डाव सोडून मोर्चात धावलेली रणरागिणी' असं माझ्या नावाखाली छापलंय. सासूबाईंनी माझी दृष्टसुद्धा काढली. एरवी मी बुद्धिबळाचा पट मांडला की त्या म्हणतात, "आवरा आता ती खेळणी."

भाषणही तू लिहून पाठवलंस. 'मी पटावरचा राजा सोडला आणि जनतेची हाक ऐकली.' मन्या, हे तुला स्वतःला सुचलं? बँकेत फार मोकळा वेळ मिळतो वाटतं.

राज्य होतंय याचा आनंद मलाही आहे, मनापासून आहे. म्हणून तर हे पत्र लिहायला चार दिवस लागले.

आपल्या अप्पांनी मला देशी बुद्धिबळ शिकवलं, त्यात प्यादं पहिल्या चालीला एकच घर चालायचं. विलायती नियम मी पुस्तकावरून शिकले आणि तुला शिकवले. तू हरलास की पट उधळायचास आणि सोंगट्या मी गोळा करायची. छप्पन साली क्लबात पुरुषांच्या स्पर्धेत माझं नाव घ्यायला नाना तयार नव्हते. सेक्रेटरी ना ते! अप्पा म्हणाले, "एकदा तिच्यासमोर बसून बघा." नाना बसले, हरले आणि माझं नाव लिहिलं. शेवटच्या डावात समोर कोण, तर तू! जिंकेल तो कलकत्त्याला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता.

डाव त्या संध्याकाळी पुरा झाला नाही. तुझा राजा कोंडलेला होता, माझे दोन्ही हत्ती त्याच्या दारात उभे होते. तू तुझी पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात घातलीस, नानांनी ते बंद करून ठेवलं. उरलेला डाव दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी गिरगावात काय चाललं होतं ते तुला मी सांगायला नको. दगड, अश्रुधूर, ठाकुरद्वारला गोळीबार. तू सकाळीच मला म्हणालास, "ताई, क्लब बंद. डाव पुढच्या रविवारी." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? क्लब दोन गल्ल्या पलीकडे, पण जाऊन बघावं असं मनातही आलं नाही.

दुपारी तू निघालास तेव्हा आईनं तुझ्या हातावर दही घातलं. मी विचारलं, "हा कुठे चाललाय?" आई म्हणाली, "मोर्चात." दही परीक्षेला जाताना घालतात, मन्या, मोर्चाला नाही. मी ते पाहिलं आणि गॅलरीत पावटे सोलत बसले. एवढी अक्कल पटावर चालते, घरात कुठे चालते?

संध्याकाळी नानाच भेटले. "शाबास पोरी! डाव टाकून मोर्चात गेलीस! लागलं नाही ना कुठे?" मग कळलं. क्लब उघडा होता. तुझी चाल मांडून नानांनी माझं घड्याळ चालू केलं, आणि माझी वेळ संपून डाव तुझ्या नावावर लागेपर्यंत तू समोर बसून होतास. 'ताई कुठे?' याला तुझं उत्तर तयार होतं. नानांच्या मागे उभा राहून तू आपल्या चपलांकडे बघत होतास.

मी घरी येऊन भांडले. आई म्हणाली, "बहिणीकडून हरला तर त्याला तोंड दाखवायला जागा राहील का? तू काय, उद्या दुसऱ्याच्या घरची." आता आई नाही, तिच्याशी भांडण संपलं. तू कलकत्त्याला गेलास, तिथे सपाटून हरलास, तरी खेळाडू म्हणून बँकेत लागलास. मी नंतर बायकांची स्पर्धा तीन वेळा जिंकले. वर्तमानपत्रात छापून आलं, 'मनमोहन कोठारे यांच्या भगिनी'.

हे सगळं मी गिळलं होतं. आणखीही गिळलं असतं. पण पत्रिकेत माझ्या खालचं नाव वाचलंस का? कमळाबाई. गिरगावात आपल्या समोरच्या चाळीतल्या. त्यांचा रघुवीर त्याच दिवशी ठाकुरद्वारला गोळी लागून गेला. हुतात्म्याची आई म्हणून त्यांचा सत्कार, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी?

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "कमळाबाई, मी त्या दिवशी मोर्चात नव्हते."

त्या म्हणाल्या, "अगो, मला ठाऊक आहे. तू पावटे सोलत होतीस. मी रघुवीरची वाट बघत उभी होते ना इथे. समोर तू दिसत होतीस, तेवढाच धीर वाटत होता."

"मग इतकी वर्षं कधी बोलला नाहीत?"

"तू बोलली नाहीस, मी कशाला बोलू? मला वाटलं, तुलाही तो मान बरा वाटतोय."

मन्या, कानफटात बसली असती तरी इतकं लागलं नसतं. मी तिथेच बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुला हरवायला एवढं करावं लागलं त्याला?"

भाषण परत पाठवते आहे. नानांना खरं काय ते तू स्वतः जाऊन सांग. सांगितलंस तर एक मेला मी येईन, मागे कुठेतरी बसेन आणि कमळाबाईंसाठी टाळ्या वाजवीन. नाही सांगितलंस तरी येईन. मग मात्र व्यासपीठावर चढेन, आणि तू हार घेऊन पुढे आलास की माइकसमोर उभी राहून सगळं सांगेन. सासूबाई पहिल्या रांगेत असतील, हेही असतील. माझं या घरात पुढे काय होईल ते माझं मी बघेन.

पत्राच्या शेवटी दर वेळी 'तुझी ताई' लिहिते. आज हात वळत नाही.

उर्मिला