चौक्याबाहेरचं ताट

बोरगाव,
१० जुलै २०२५

चि. नेमिनाथ यास आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर शब्द गिळावे लागतात, कागदावर ती अडचण नाही. काल तुझ्या सुनेनं, प्रणितानं, तू पाठवलेला फोटो दाखवला. परका मुलूख, कुठलीशी खाणावळ, पुढ्यात ताट आणि तोंडावर लग्नाच्या पंगतीतलं हसू! मामंजी लई खूश दिसत्यात, असं ती म्हणाली. मी म्हटलं, दिसणारच, लाज बोरगावात ठेवून गेलाय.

तीन महिने लेकीकडे तैवानला राहायचं म्हणून मी चार दिवस चुलीपुढं बसून कडक भाकऱ्या भाजून दिल्या, शेंगाची चटणी कुटून दिली. तुला पंधरा दिवसही धीर धरवला नाही. बासष्ट वर्षांत बाहेरचं पाणी न प्यालेला माणूस तू! हे काम ब्राह्मीचंच. सात वर्षांपूर्वी तिला चौक्यातून काढली, आता तिनं बापालाही आपल्यासारखं केलं.

यंदा महाराजांचा चातुर्मास गावात आहे. त्यांच्या आहारासाठी आपल्या स्वयंपाकघरात सोवळ्यातला चौका लागेल. परत आलास तरी महाराजांना आहाराला बोलवायला कलश घेऊन दारात तू उभं राहायचं नाहीस. बाहेरचं खाल्लेल्या हातचा घास मी महाराजांना जाऊ देणार नाही.

तब्येत जपावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

गुणाबाई


तैनान,
तैवान, २६ जुलै २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आल्यापासून तीनदा वाचलं, तिन्ही वेळा जेवण गेलं नाही.

तुझ्या भाकऱ्यांना इथल्या दमट हवेत आठव्या दिवशी बुरशी धरली. बुरशीचं खाऊ नये हे तूच शिकवलंस. ब्राह्मीच्या भाड्याच्या खोलीला स्वयंपाकघरच नाही, इथं तशाच खोल्या मिळतात. दोन दिवस मी केळी खाऊन काढले, मग ती मला या खाणावळीत घेऊन गेली. ही बौद्ध मंडळींची खाणावळ. मांस नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही त्यांना वर्ज्य. मालकीणबाई सत्तरीच्या, तुझ्याच वयाच्या आणि तुझ्याइतक्याच खवट. बटाटा, आलं, अळंबी नको, चातुर्मासात पालेभाजी नको, असं ब्राह्मीनं त्यांना लिहून दिलंय. तो कागद भिंतीला चिकटवून त्या माझ्यासाठी वेगळ्या कढईत शिजवतात. सूर्य मावळायच्या आत म्हणून साडेपाचलाच ताट मांडतात.

नुसत्या पाण्यात शिजवलेली घोसावळ्याची भाजी, सोयाबीनचं पनीर, उकडलेले शेंगदाणे, भात आणि शेवटी अख्ख्या मुगाचं गोड, पातळ पाणी. पहिल्या दिवशी मी ते चार वाट्या प्यालो. आक्का, घरी जेवल्यासारखं वाटलं. हे तुला झोंबेल, पण खोटं कशाला लिहू?

रागाबरोबर थोडी मायाही शिल्लक असू दे.

तुझा,
नेमिनाथ


बोरगाव,
१० ऑगस्ट २०२५

नेमिनाथ यास,

आशीर्वाद द्यायची इच्छा नाही, म्हणून लिहिला नाही.

भिंतीला कागद चिकटवून धर्म पाळला जात नाही. माझ्या हातच्या जेवणाची तुलना तू कुठल्या परक्या बाईशी करतोस? घोसावळं काय आम्ही कधी घातलं नाही तुला? खा, पोटभर खा, पण त्याची वर्णनं मला पाठवू नकोस.

आणि एक विचारते. खोलीत चूल नाही म्हणतोस, मग तुझी लेक चार वर्षं तिथं काय खात होती? विचार तिला. तिनं खरं सांगितलं तर कळव. प्रणिताची पोर मोठी होतेय, तिला सांगायला उपयोगी पडेल.

गुणाबाई


तैनान,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

विचारलं. तीन दिवस ती टाळत होती, काल सांगितलं.

ही खाणावळ तिला आल्याआल्या सापडली नव्हती. पहिले पाच महिने ती विजेच्या कुकरमध्ये भात लावून मिठाबरोबर खात होती. वजन एकोणचाळीस किलोवर आलं होतं. रोज कामावरून सुटली की दिवस मावळायच्या आत एकेक गल्ली पालथी घालायची, दारोदार विचारायची. अजूनही अंधार पडल्यावर ती पाण्याशिवाय काही घेत नाही. आम्हाला का कळवलं नाहीस म्हटलं, तर म्हणाली की घरात कुणाला खरं वाटलं असतं?

सात वर्षांपूर्वी महाराज दारात असताना तू तिच्या हातातला कलश काढून घेतलास. बेळगावच्या वसतिगृहात ही अंडी खाते, असं सगळ्यांसमोर म्हणालीस. मी बाप असून मान खाली घालून उभा राहिलो. तुझ्यावर मी चिडलोय, पण स्वतःवर जास्त. यंदा कलश मीच धरणार नाही. जिथून माझ्या लेकीला हाकललं, त्या दारात मला उभं राहायचं नाही.

लोभ ठेवायचा की तोडायचा, ते तू ठरव.

नेमिनाथ


बोरगाव,
८ सप्टेंबर २०२५

ब्राह्मीस,

हे पत्र तुला आहे, तुझ्या बापाला नाही. त्याचं वाचून माझं डोकं फिरलंय. त्याला अक्षरओळख मी करून दिली आणि आता तो मलाच शिकवतो.

दशलक्षण पर्व संपलं. आज क्षमावाणीची कार्डं लिहायला बसले. दरवर्षी साऱ्या नात्यागोत्यात जातात, तुला सात वर्षांत एकही पाठवलं नाही. तू लहान, तुझी क्षमा मी कशाला मागू, असं माझं म्हणणं होतं. माझा स्वभाव काही बदललेला नाही, पत्राचं उत्तरही पाठवू नकोस.

सोबतच्या कार्डावर, कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, असं छापलंय. त्यातलं नकळत मी खोडलंय. त्या वर्षी, महाराज दारात यायच्या आधी, तू वर्गात असताना मी तुझ्या वसतिगृहावर येऊन गेले होते. मैत्रिणीनं खोली उघडून दिली. स्टोव्ह, डाळीचा डबा, पाणी गाळायचं फडकं, सगळं पाहिलं आणि तुला न भेटता परत आले. माझं न ऐकता शिकायला गेलीस, याचा राग होता. महाराजांच्या पुढ्यात मी खोटं बोलले.

आत्या